घरचा सर्व्हर अडतो कुठे?

लग्नाचे फोटो, व्हिडिओ मिळून 100 जीबी. घरच्या स्टोरेज सर्व्हरवर ते चढायला किती वेळ लागेल? राउटरच्या खोक्यावरचं '1 गिगाबिट' हा बिटचा हिशेब. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला 125 एमबी. हाती पडतात 110च्या आसपास. काम पंधरा मिनिटांचं.

आता गंमत बघा. आजची साधी फिरती हार्ड डिस्कही मोठी फाइल सेकंदाला दीडशे-दोनशे एमबीने लिहिते. म्हणजे महागडी एसएसडी घालूनही गाडी अडणार वायरीतच! आधी संगणक आणि सर्व्हर, दोन्हीकडे 2.5 गिगाबिटचं कार्ड आणि तसाच स्विच घ्या. 'कॅट 5ई' केबल त्याला चालते. मात्र केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटली, तर जोडणी गुपचूप 100 मेगाबिटवर उतरू शकते, आणि पंधरा मिनिटांचे अडीच तास होतात. हजारो बारीक फाइलींची गोष्ट वेगळी. तिथे डिस्कचं डोकं इकडून तिकडे धावतच राहतं. एसएसडीचे पैसे तिथे वसूल.

हे झालं वेगाचं; आता फोटो सुरक्षित ठेवण्याचं. दोन डिस्कवर तोच मजकूर ठेवणारी 'रेड' रचना एक डिस्क गेली तरी तारते. पण चुकून फोल्डर पुसलात, तर तो दोन्हीकडून इमानेइतबारे पुसला जातो.