नेलपेंट आणि लिपस्टिक एकाच शेडची, मग रंग जुळत का नाही?

नवी साडी घेतली की एक फेरी मॅचिंग सेंटरला होतेच. दुकानदार पदर काउंटरवर पसरतो, फळीवरून ब्लाउजपीसचे चार-पाच तागे खाली काढतो आणि शेवटी हमखास म्हणतो, "ताई, जरा बाहेर उजेडात बघून घ्या." ट्यूबलाइटखाली डिट्टो वाटणारं कापड दारात नेल्यावर वेगळंच निघू शकतं, हे त्यालाही माहीत असतं आणि ताईंनाही.

नेलपेंट आणि लिपस्टिक घेताना मात्र ही सवय कुठे जाते कोण जाणे. रीलमध्ये बोटं ओठांजवळ धरलेली दिसतात, दोन्हीकडे अगदी एकसारखा लाल रंग, खाली शेडचं नाव. ऑर्डर जाते. पार्सल येतं तेव्हा नखांवर डाळिंबी दिसणारा रंग ओठांवर विटकरी दिसतो. मग आरशासमोरचा निकाल ठरलेला असतो: "माझ्या रंगाला हे शोभतच नाही."

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. एकाच नावाचे दोन रंग दोन जागी वेगळे दिसणं हे रसायन आणि उजेडाचं काम आहे. आणि ते एकसारखे दिसलेच पाहिजेत, हा नियम तर चक्क एका जाहिरातीतून आलेला आहे.

मॅचिंगचा नियम आला कुठून?

नखं आणि ओठ रंगवणं जुनंच आहे. आपल्याकडे बोटांची टोकं मेंदीनं रंगायची आणि ओठ विड्यानं. मेंदीतलं रंगद्रव्य नखातल्या केराटिनला घट्ट धरून बसतं, म्हणून तळहातावरची मेंदी उतरली तरी नखांवरची राहते आणि नख वाढेल तशीच पुढे सरकते. विड्याचा लाल रंग कात, चुना आणि सुपारी एकत्र आल्यावर येतो. दोन्ही रंग तांबूस. पण दोन्ही शेजारी धरून "मॅच होतंय का" असं बघायची पद्धत काही नव्हती.

आजचं नेलपेंट मात्र मोटारीच्या रंगाचं नातेवाईक आहे. 1920 च्या दशकात अमेरिकेत गाड्यांसाठी नायट्रोसेल्युलोजचा पटकन वाळणारा, चकचकीत रंग आला. त्याच पदार्थाचा पातळ थर नखांवरही छान बसतो. सुरुवातीच्या नेलपॉलिशमध्ये रंग विरघळवलेला असे, त्यामुळे ते कोकम सरबतासारखं पारदर्शक दिसायचं आणि शेड्सही मोजक्याच मिळायच्या.

1932 मध्ये, ऐन मंदीच्या काळात, न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स आणि जोसेफ रेव्हसन हे भाऊ आणि केमिस्ट चार्ल्स लॅकमन यांनी रेव्हलॉन ही कंपनी काढली. नावातला 'ल' लॅकमनचा. त्यांच्या नेलपेंटमध्ये विरघळणाऱ्या रंगाऐवजी बारीक दळलेलं रंगद्रव्य होतं, म्हणजे सरबताच्या जागी कालवलेला गेरू. नख पूर्ण झाकणारा रंग मिळाला आणि शेड्सची संख्या वाढवणं सोपं झालं. आधी ब्यूटी पार्लरमधून आणि मग मोठ्या दुकानांमधून हा माल खपू लागला.

पण एक बाटली किती महिने चालते, हे नेलपेंट वापरणाऱ्या कुणालाही विचारा. रेव्हसन यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे दर हंगामात नव्या नावाची नवी शेड, म्हणजे अर्धी भरलेली बाटलीही जुनी वाटावी. दुसरी म्हणजे 1940 च्या सुमारास लिपस्टिक बाजारात आणून ओठ आणि बोटांची टोकं एकाच रंगात, अशी जाहिरात सुरू केली. एक वस्तू घ्यायला आलेली बाई आता दोन घेऊन जाणार.

या युक्तीची सगळ्यात गाजलेली जाहिरात 1952 ची. शेडचं नाव 'फायर अँड आइस'. मॉडेल डोरियन ली, फोटो रिचर्ड अ‍ॅव्हेडॉनचा, मजकूर के डेली यांचा. एका पानावर चमचमता ड्रेस आणि लाल केप घातलेली मॉडेल, दुसऱ्या पानावर वाचणारीला विचारलेले पंधरा खट्याळ प्रश्न. आज इन्स्टाग्रामवर 'तुम्ही कोणत्या टाइपच्या आहात' अशी क्विझ येते ना, जवळपास तेच. लिपस्टिक आणि नेलपेंट दोन्ही त्याच नावानं विकलं गेलं.

योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईत टाटांची लॅक्मे सुरू झाली. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन खर्च होतंय, तर असा माल इथेच बनवा, असा आग्रह पंडित नेहरूंनी जेआरडी टाटांकडे धरल्याचं सांगितलं जातं. लॅक्मे हे 'लक्ष्मी'चं फ्रेंच वळणाचं रूप, त्याच नावाच्या एका फ्रेंच ऑपेरावरून घेतलेलं. पुढे सिमोन टाटा यांनी ही कंपनी मोठी केली आणि जोडीनं विकत घ्यायच्या शेड्स आपल्या कपाटातही रुळल्या.

रंग एक, जागा दोन

आता मूळ प्रश्न. कंपनीनं दोन्हींना एकच नाव दिलं तरी रंग वेगळा का दिसतो?

नख ही कडक, गुळगुळीत पाटी आहे. दोन कोट दिले की खालचं जवळपास काही दिसत नाही आणि वर काचेसारखी चमक येते. लिपस्टिक म्हणजे मेण, तेल आणि रंगद्रव्य. तिचा थर पातळ असतो, खाली ओठांची नाजूक त्वचा असते आणि तिचा स्वतःचा रंग वर डोकावतो. आपल्याकडे अनेकींचे ओठ तपकिरी किंवा जांभळट असतात, वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद असणं तर अगदी नेहमीचं. म्हणजे नखांवर दिसतो तो बाटलीतला रंग, आणि ओठांवर दिसते ती लिपस्टिक अधिक तुमचा ओठ अशी बेरीज. फिक्या ओठांच्या मॉडेलवर ही बेरीज वेगळी येणार, हे उघड आहे.

शिवाय दोन्हींची रेसिपी सारखी ठेवणं केमिस्टच्या हातात नेहमी नसतं. लिपस्टिक थोडीफार पोटात जाते, म्हणून तिच्यातल्या रंगांचे नियम कडक असतात. अमेरिकेत क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा किंवा अल्ट्रामरीन निळा ओठांसाठी चालत नाही. नखांसाठी जे द्रव्य वापरून एखादी छटा साधली, ती ओठांसाठी दुसऱ्याच मिश्रणातून साधावी लागते.

आणि इथेच मॅचिंग सेंटरवाल्याचं म्हणणं खरं ठरतं. वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेल्या दोन वस्तू एका उजेडात सारख्या आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात. रंगशास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली जुळलेली जोडी हॉलच्या पिवळ्या दिव्यांत फुटू शकते. मोबाइलची तर वेगळीच तऱ्हा. कॅमेरा पांढऱ्या रंगाचा तोल आपोआप बदलतो, त्यावर फिल्टर बसतो, आणि तुमच्या स्क्रीनचा ब्राइटनेस शेवटचा हात फिरवतो. रीलवरून शेडचा अंदाज येतो, शेड कळत नाही.

न्यूड म्हणजे कुणाच्या रंगाची?

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते 'न्यूड' शेडवर. न्यूड म्हणजे त्वचेच्या रंगाशी मिळताजुळता. पण बराच काळ बाजारात ती त्वचा गोरीच धरली गेली, म्हणून न्यूड म्हटलं की फिकट बिस्किटी रंग हातात यायचा. फिक्या शेड्समध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं द्रव्य भरपूर असतं. गडद ओठांवर ते खडू फिरवल्यासारखं राखाडी दिसतं. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला न्यूड हवाच असेल तर तो चहाच्या, कॅरमेलच्या किंवा तपकिरी गुलाबाच्या आसपास शोधावा लागतो. नखांवर तोच फिका बिस्किटी रंग कधी कधी छान दिसतो, कारण तिथे खालून काही मिसळत नाही. म्हणजे न्यूडची जोडी एका नावावर घ्यायचीच नाही.

"सावळ्या मुलीनं लाल लावू नये" हे वाक्य अजूनही घराघरात ऐकू येतं. त्याला काहीही आधार नाही. लालमध्ये कुठला लाल, एवढाच प्रश्न असतो: शेंदराकडे झुकलेला की जांभळाकडे. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या, यावरून ते ठरवायची युक्ती सोशल मीडियावर फिरते. सावळ्या त्वचेवर शिरा नीट दिसतही नाहीत, त्यामुळे तिच्यावर फार विसंबण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा कपाटातल्या साड्या-ड्रेसकडे बघा. विटकरी, गाजरी, मोहरी नेसल्यावर लोक "छान दिसतेस" म्हणतात, की राणी, वांगी, आमसुली नेसल्यावर? उत्तर बऱ्यापैकी तिथेच मिळतं.

ट्राय करायचं तर

नेलपेंटसाठी दिवसभरात पाच शेड्स लावून पाचदा रिमूव्हर फिरवणं नखांना आणि आजूबाजूच्या त्वचेला कोरडं करतं. घरी असलेल्या शेड्स प्लास्टिकच्या पांढऱ्या चमच्यावर किंवा पारदर्शक चिकटपट्टीवर लावा. दोन कोट द्या, पूर्ण वाळू द्या, मग तो तुकडा नखावर धरून बघा. बाटलीकडे बघून ठरवू नका. बाटलीत रंगाचा जाड थर असतो, त्यामुळे पातळ, पारदर्शक शेड तिथे बरीच गडद भासते. एकदा ठरलं की गडद लाल किंवा मरूनखाली बेस कोट हवाच, नाहीतर नखं पिवळी पडतात.

दुकानातला लिपस्टिकचा टेस्टर थेट ओठांना लावू नका, सेल्सगर्लनं कितीही आग्रह केला तरी. ओठांवर पुरळ आणणारा हर्पीसचा विषाणू अशा उष्ट्या वस्तूंवरून पसरू शकतो. हाताच्या मागच्या बाजूवर रेघ ओढूनही फारसं कळत नाही. बोटाच्या पेरावर, आतल्या गुलाबीसर भागावर लावा. तो ओठांच्या रंगाला त्यातल्या त्यात जवळचा असतो. आणि त्याच बोटाच्या नखावर नेलपेंट असेल तर बोट वळवून दोन्ही रंग एका नजरेत बघता येतात.

हुबेहूब जुळवण्याच्या मागे लागण्यापेक्षा एकाच घराण्यातले दोन रंग घेणं जास्त जमतं. नखांवर मरून असेल तर ओठांवर विटकरी गुलाबी, ओठांवर भडक लाल असेल तर नखांवर त्याच झुकावाचा गडद किंवा फिका रंग. दोन्हीत थोडा फरक ठेवला की तो मुद्दाम केलेला दिसतो. एकसारखं करायला जाऊन जरासं हुकलं, तर तेवढंच डोळ्यात भरतं.

खरेदी संध्याकाळच्या लग्नासाठी असेल तर खिडकीतल्या उजेडात बघून थांबू नका. घरातला पिवळा बल्ब लावा, नेसायची साडी खांद्यावर टाका, बोटं ओठांजवळ धरा आणि आरशात बघा. फोन तेवढा वेळ बाजूला ठेवा.