एकदा होऊन गेला म्हणजे संपला नव्हे

“एकदा होऊन गेला ना? मग आता अंगात प्रतिकारशक्ती आली. परत काय होतोय!” हे वाक्य किती वेळा ऐकायचं? गोवर-कांजिण्यांच्या बाबतीत ते बरोबर आहे. पण तिथला हिशेब सरसकट सगळ्या रोगांना लावला जातो, आणि परजीवींच्या रोगांत तो महागात पडतो. बिहार, झारखंड, पूर्व उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालमधला काळा आजार, म्हणजे अंतर्गत अवयवांचा लेश्मानियासिस, हे याचं ठळक उदाहरण.

गोवराच्या विषाणूत अवघी ६ जनुकं असतात. ‘लेश्मानिया डोनोव्हानी’ या परजीवीत सुमारे ८,०००. शिवाय तो राहतो यकृत, पाणथरी आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशींमध्ये. जंतू गिळून पचवणं हे ज्या पेशींचं काम, त्यांच्याच पोटात तो वाढतो. रक्तात अँटिबॉडी भरपूर तयार होतात, पण पेशीच्या आत त्यांचा हात पोचत नाही. खरा लढा टी-पेशींचा. त्या भक्षक पेशींना चेतवतात, तेव्हा कुठे आतला परजीवी मरतो.

आज बहुतेक रुग्णांना लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या औषधाची एकच मात्रा शिरेतून देतात. ताप जातो, फुगलेली पाणथरी ओसरते. बरे झालेल्यांपैकी बहुतेकांना हा आजार पुन्हा गाठत नाही, एवढं त्या समजुतीत तथ्य आहे. पण थोडे परजीवी अंगात उरू शकतात आणि टी-पेशी त्यांना नुसतं दाबून ठेवतात. पहारा ढिला पडला की ते पुन्हा वाढतात. एचआयव्हीबाधितांमध्ये काळा आजार वारंवार उलटतो तो यामुळेच.

प्रतिकारशक्ती उत्तम असलेल्यांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनुसार भारतीय उपखंडात बरे झालेल्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांच्या चेहऱ्यावर, हातांवर, छातीवर पुढे फिकट चट्टे किंवा गाठी येतात. याला पीकेडीएल, म्हणजे काळ्या आजारानंतरचा त्वचेचा लेश्मानियासिस, म्हणतात. काळ्या आजारावर ‘युरिया स्टिबामाइन’ हे औषध शोधणाऱ्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२२ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. ताप नाही, वेदना नाही, माणूस कामावर जातो. मग दवाखान्यात कशाला जाईल? पण त्या चट्ट्यांत जिवंत परजीवी असतात. बांगलादेशातल्या संशोधकांनी हा रोग पसरवणाऱ्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या वाळूमाश्या अशा रुग्णांना चावू दिल्या. निम्म्याहून अधिक रुग्णांकडून माश्यांना संसर्ग झाला. म्हणजे ‘होऊन गेलेला’ आजार शेजारच्या घरात जायला मोकळाच असतो.

हीच चूक आपण समाज म्हणूनही केली आहे. हिवतापासाठी घरोघरी डीडीटी फवारलं गेलं, त्यात वाळूमाशीही मेली आणि काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. ‘गेला’ असं वाटलं, फवारणी थांबली. १९७७ मध्ये उत्तर बिहारमध्ये मोठी साथ उसळली. २०२३ अखेर देशातल्या सर्व ६३३ बाधित प्रखंडांत (ब्लॉकांत) वर्षाला दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण होते. हे यश मोठं आहे. त्याला दूरीकरण म्हणतात. समूळ नाश नव्हे.

काळ्या आजाराबद्दल आणि इतर परजीवी रोगांबद्दल आणखी काही गैरसमज:

‘डासांमुळे होतो.’ नाही. वाळूमाशीमुळे होतो, हे १९४२ मध्ये भारतातच सिद्ध झालं. ती डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते आणि आवाज करत नाही.

‘पाणी साचू दिलं नाही की झालं.’ वाळूमाशी पाण्यात अंडी घालत नाही. गोठ्यातली ओलसर माती आणि मातीच्या भिंतींच्या भेगा तिला पुरतात.

‘कुत्र्यांपासून येतो.’ ब्राझीलमध्ये आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांत हे खरं आहे. भारतात परजीवी माणसाकडूनच माणसाकडे जातो.

‘रुग्णाला शिवल्याने होतो.’ नाही.

‘तपासणी पॉझिटिव्ह, म्हणजे आजार उलटला.’ आरके-३९ चाचणी अँटिबॉडी दाखवते, आणि त्या बरं झाल्यावरही कित्येक महिने, वर्षं राहतात.

‘पाय सुजलेला नाही, मग हत्तीरोगाच्या गोळ्या कशाला?’ गडचिरोली-चंद्रपुरात हे नेहमी ऐकू येतं. सूज येण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात जंत असू शकतात.

‘हिवताप एकदा झाला की पुन्हा नाही.’ व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी परततो.

मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर उत्तर बिहारचे कितीतरी मजूर राबतात. त्यांच्यापैकी कुणाच्या अंगावर न दुखणारे फिकट चट्टे दिसले, तर ते कोड किंवा कुष्ठरोग आहे असं परस्पर ठरवू नका. डॉक्टरांनो, एक प्रश्न जरूर विचारा: “गावी कधी काळा आजार झाला होता का?” उत्तर ‘हो’ आलं, तर त्वचेचा नमुना तपासायला पाठवा. पीकेडीएलवर औषध आहे, आणि वेळेवर दिलं तर ते त्या माणसाबरोबर त्याच्या गावालाही वाचवतं.