दुबईचे भाड्याचे घर आणि पुण्याहून जाण्याचा हिशेब

पुण्याच्या व्यापारी घरांतून हल्ली मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत दुबईची सफर ठरते, तेव्हा हॉटेलाऐवजी आठ-दहा दिवसांसाठी सामानसुमानासह तयार फ्लॅट भाड्याने घेण्याकडे कल असतो. हे शहाणपणाचेच आहे. पाच-सहा माणसांना एका छताखाली राहता येते, स्वयंपाकघर हाताशी असते, वडीलधाऱ्यांना खाण्यापिण्याचा त्रास होत नाही. घराचे भाडे ठरवताना मंडळी चार ठिकाणी चौकशी करतात, घासाघीसही करतात. प्रवासाचा मार्ग मात्र एकाच आकड्यावर ठरतो, तो म्हणजे तिकिटाचा भाव. नुकसान होते ते इथे.

कापडाच्या धंद्यात आपण असे कधी करत नाही. भिवंडीत मीटरमागे एक रुपया स्वस्त मिळाला म्हणून कोणी लगेच सौदा करत नाही. गाडीभाडे, हमाली, आडत, वाटेतली तूट धरून माल रविवार पेठेत दुकानाच्या फळीवर कितीला पडतो, ती पडतळ काढूनच बोलणी होतात. प्रवासाचीही पडतळ काढावी. आपल्या घराच्या उंबरठ्यापासून दुबईतल्या त्या घराच्या उंबरठ्यापर्यंत पैसे किती आणि तास किती, हे दोन आकडे कागदावर मांडावेत.

पुणेकराला मुख्यतः दोन वाटा. एक लोहगावहून थेट, दुसरी मुंबईहून. लोहगावचा तळ मुळात हवाई दलाचा. धावपट्टी लांबीला बेताची, त्यामुळे मोठी विमाने इथून नियमित जात नाहीत आणि परदेशी फेऱ्याही मोजक्याच. नवी इमारत जुलै २०२४ मध्ये वापरात आली, त्याच वर्षाच्या अखेरीस इंडिगोने पुणे-दुबई फेरी सुरू केली. अशा फेऱ्यांचे वेळापत्रक मोसमागणिक बदलते, म्हणून मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये. मुंबईहून दुबईला दिवसरात्र विमाने आहेत, आणि स्पर्धेमुळे भावही सहसा उतरलेला असतो.

आता नमुन्याचा हिशेब पाहा. समजा, पाच माणसे आहेत आणि पुण्याहून जाण्यायेण्याचे तिकीट माणशी २,५०० रुपयांनी महाग आहे. म्हणजे १२,५०० रुपये जास्त. मुंबईला जायला मोठी गाडी, एका खेपेचे ५,००० धरले तर दोन खेपांचे १०,००० झाले. द्रुतगती मार्गावर मोटारीचा टोल एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये आहे, दोन्ही वेळचे ६४०. वाटेतल्या चहापाण्याचे दीड हजार. बेरीज १२,१४०. म्हणजे "मुंबईहून स्वस्त पडते" म्हणून जो गाजावाजा होतो, त्यातून हाती राहिले ३६० रुपये. एकटा व्यापारी हातात एक बॅग घेऊन रेल्वेने दादरला उतरून सहारला जाणार असेल, तर गोष्ट वेगळी. त्याला मुंबईच फायद्याची. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले. सुरुवात देशांतर्गत विमानांनी झाली. तिथून दुबईची सोय मिळत असेल तर पुणेकराची मुंबई शहरातली रखडपट्टी टळते, म्हणून तिकीट काढताना तेही पडताळून पाहावे.

पैशांपेक्षाही अवघड हिशेब तासांचा आहे, आणि तो उलटा करावा लागतो. आधी घराचा ताबा किती वाजता मिळतो ते विचारावे. बहुतेक घरांची चावी दुपारी दोन-तीनच्या सुमारास मिळते, आणि घर सोडायचे असते सकाळी अकरा-बाराला. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. विमानाला तीन-सव्वातीन तास लागतात. मुंबईहून पहाटे साडेचारचे विमान घेतले तर तिथल्या सव्वासहाला माणूस उतरतो, सामान घेऊन साडेसातला घराखाली उभा राहतो, आणि चावी मिळते तीनला. रात्रभर जागलेली माणसे, गुडघे धरून बसलेली आई आणि सहा बॅगा यांच्यासह साडेसात तास कुठे काढायचे? आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने ते इमारतीच्या खालच्या बाकांवर काढले आणि सहलीचा पहिला दिवस औषधांत गेला. हेच विमान धरायला त्यांनी कॅम्पातले घर रात्री आठला सोडले होते.

याउलट मुंबईहून दुपारी एकचे विमान घ्यावे. पहाटे पाचला पुणे सोडले, घाटात तासभर अडकले तरी दहाला सहार गाठता येते. दुबईत पावणेतीनला उतरून चारपर्यंत घर. चावी तयार असते, आणि रात्रीची झोप आपल्या अंथरुणावर झालेली असते. हे तिकीट दोन हजारांनी महाग असले तरी पडतळीत स्वस्तच.

तारखेचा घोळ तर नेहमीचाच. तिकिटावर १२ तारीख आणि रात्री दीडची वेळ असेल, तर घरातून निघायचे ते ११ तारखेच्या संध्याकाळी. रात्रीच पोहोचणे भाग असेल, तर घराचे भाडे ११ तारखेपासून भरावे आणि मध्यरात्रीनंतर चावी कोण देणार, हे लेखी घ्यावे.

स्वस्त तिकिटाच्या मोहात काही जण पुण्याहून दिल्ली किंवा दुसरे एखादे शहर आणि तिथून दुबई अशी दोन वेगळी तिकिटे काढतात. एकाच तिकिटावर दोन टप्पे असतील तर पहिले विमान उशिरा आल्यास पुढची व्यवस्था कंपनीला करावी लागते. तिकिटे वेगळी असतील तर दुसरी कंपनी हात वर करते. सामानही मध्ये उतरवून पुन्हा द्यावे लागते. एकट्या तरुणाने हा जुगार खेळावा, कुटुंबकबिल्याने खेळू नये.

घर कुठे घेतले यावरही वाट ठरते. शारजात भाडे कमी, पण मेट्रो तिथे जात नाही, आणि शारजा-दुबई रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ गाड्यांची मुंगीरांग असते. रोज दुबईत फिरायचे असेल तर भाड्यात वाचलेले टॅक्सीत जाते. देरा किंवा बर दुबईत मेट्रो स्थानकाजवळ घर असेल तर कापडबाजार आणि खाडी दोन्ही जवळ, आणि खाडी ओलांडायला अब्रा नावाची होडी आहे, एका दिरहमात. मेट्रोची स्थानके टर्मिनल १ आणि ३ ला आहेत, २ ला नाही. मेट्रोत माणशी एक मोठी आणि एक लहान अशा दोनच बॅगा चालतात. विमानतळावरच्या टॅक्सीचे मीटर २५ दिरहमपासून सुरू होते, तरी पाच माणसांना मोठी टॅक्सीच परवडते.

घर परवान्याचे आहे याची खातरजमा करावी. दुबईत २०१३ च्या ४१ क्रमांकाच्या फर्मानानुसार सुट्टीचे घर पर्यटन खात्याच्या परवान्याशिवाय भाड्याने देता येत नाही. शिवाय दर रात्री, दर शयनगृहामागे १० किंवा १५ दिरहम पर्यटन शुल्क असते. ते भाड्यात धरले आहे की वेगळे, हे विचारावे. पर्यटक व्हिसा ३० किंवा ६० दिवसांचा मिळतो. त्या वेळी किंवा विमानतळावर मुक्कामाचा पत्ता व परतीचे तिकीट मागितले जाऊ शकते, तेव्हा परवान्याच्या घराची पावती कामी येते.

पूर्वी, १९८२ पर्यंत, 'द्वारका' बोटीने आखातात जाणारे आपले कोकणी बांधव दिवसांचा हिशेब ढोबळच ठेवत. आता विमान आहे तरी थोडी ढील ठेवावीच. १६ एप्रिल २०२४ च्या पावसात दुबईचे विमानतळ तुंबले, आणि २३ जून २०२५ ला आखाताचे आकाश काही तास बंद झाले. परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी लग्न किंवा मालाची डिलिव्हरी ठेवू नये.

परतीच्या वाटेलाही हीच कसोटी लावावी. घर अकराला सोडायचे आणि विमान रात्री दहाचे, तर बॅगा संध्याकाळपर्यंत ठेवून घेणार का, हे मालकाला आधीच विचारावे. ते विमान मुंबईत रात्री अडीचला उतरते. पेंगुळलेल्या ड्रायव्हरबरोबर तीन-साडेतीनला घाटाकडे निघण्यापेक्षा विमानतळावरच उजाडू द्यावे, किंवा येतानाचे तेवढे तिकीट थेट पुण्याचे काढावे.