दुचाकीची देखभाल (लेखांक ३) : पहिलं सर्व्हिसिंग इतक्या लवकर का?

दसऱ्याला हार घालून घरी आणलेली गाडी दिवाळी सरते न सरते तोच सर्व्हिसिंगला न्यायची, हे अनेकांना जुलमाचं वाटतं. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पहिलं सर्व्हिसिंग ५०० ते ७५० किलोमीटरवर सांगितलेलं असतं. पुढचं मात्र काही हजारांनी. या विषम अंतराचं कारण झिजेत आहे. नवे भाग सुरुवातीला भराभर झिजतात आणि एकमेकांत बसले की झीज मंदावते. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरपे ओरखडे ठेवलेले असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांची टोकं घासून काढतात आणि तो धातूचा कीस ऑइलमध्ये उतरतो. त्यात मोटरसायकलचं ऑइल बहुधा इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांचं एकच, म्हणजे तिन्हीकडची घाण एकाच ठिकाणी जमा होते. अनेक लहान गाड्यांत कागदी फिल्टरही नसतो. जाळी आणि फिरत्या फिल्टरवरच भागवलेलं असतं.

आता यंत्रं इतकी अचूक झाली आहेत की हे सगळं जुनाट झालं, असा आक्षेप ऐकू येतो. सिलिंडरपुरता तो बराचसा खरा आहे. पण गिअरचे दात, क्लचच्या प्लेटा, ब्रेकचे लायनर हे आजही रस्त्यावरच बसतात. दुसरा आक्षेप असा, की दोन महिन्यांत गाडी जेमतेम दोनशे किलोमीटर चालली, मग ऑइल कशाला बदलायचं? रोज भाजी मंडईपर्यंतच जाणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही. जळणातून तयार होणारी वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, आणि उष्णता न मिळाल्यामुळे तिथेच राहतं. म्हणून पुस्तिकेत किलोमीटरसोबत दिवसही दिलेले असतात. जे आधी पुरे होईल ते धरायचं. फुकट सर्व्हिसिंगमध्ये मजुरीच तेवढी फुकट असते, ऑइलचे पैसे द्यावेच लागतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. म्हणूनच त्या पैशात गाडी नुसती धुऊन तर दिली नाही ना, हे बघायला हवं.

खूण म्हणून चेन बघावी. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये पिना आणि बुश एकमेकांत बसतात आणि चेन सैल पडते. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध खालची चेन बोटाने वर-खाली करा आणि पट्टीने मोजा. साधारण २० ते ३० मिलिमीटर हालचाल असावी. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला. चाक थोडं थोडं फिरवत तीन-चार ठिकाणी मोजावं आणि जिथे चेन सर्वांत ताठ लागेल तिथलं माप धरावं. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या नसतील, तर चाक तिरकं बसलं आहे. आवाज नको म्हणून काही जण चेन तारेसारखी ताणून मागतात. पण मागे माणूस बसला की शॉकॲब्सॉर्बर दबतो आणि बऱ्याच गाड्यांत चेन आणखी ताठ होते. तो ताण गिअरबॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर येतो, आणि बेअरिंग बदलण्याचा खर्च चेनच्या आवाजापेक्षा कितीतरी जास्त बोचतो. मेकॅनिकने चेन आवळली असेल, तर गाडी ताब्यात घेण्याआधी, तिथेच, पुन्हा पट्टी लावावी.