मुलांचे वाचन ओघवते करण्यासाठी वर्गातील तंत्रज्ञान : निपुण भारत अभियानातील पालकांसाठी माहिती

तुमचे मूल बालवाटिकेत किंवा पहिली ते तिसरीच्या वर्गात शिकत असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते. चौथीपासून मात्र वाचून शिकावे लागते. गणिताचे शाब्दिक उदाहरण असो की परिसर अभ्यासाचा धडा, वाचन अडखळत असेल तर मूल सगळ्याच विषयांत मागे पडू लागते. म्हणून या पहिल्या वर्षांना महत्त्व आहे.

थोडक्यात माहिती

• अभियान : निपुण भारत (समजून वाचणे आणि संख्याज्ञान यांत प्रावीण्य मिळवण्यासाठीचे राष्ट्रीय अभियान)
• सुरुवात : 5 जुलै 2021, शिक्षण मंत्रालय, समग्र शिक्षा योजनेअंतर्गत
• कोणासाठी : 3 ते 9 वर्षे वयोगटातील मुले
• उद्दिष्ट : 2026-27 पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता, लिहिता आणि मूलभूत गणित करता यावे
• आर्थिक तरतूद : अध्ययन साहित्यासाठी प्रति विद्यार्थी प्रतिवर्षी 500 रुपयांपर्यंत. ही रक्कम पालकांच्या खात्यात येत नाही, ती शाळेतील साहित्यासाठी असते.
• अर्ज : पालकांना वेगळा अर्ज करण्याची गरज नाही

ओघवते वाचन म्हणजे काय?

भराभर वाचणे म्हणजे ओघवते वाचन नव्हे. त्यात तीन गोष्टी येतात : शब्द अचूक वाचणे, योग्य गतीने वाचणे आणि अर्थ ध्यानात घेऊन आवाजात चढउतार ठेवणे. मूल 'आ-ई-ने… भा-क-री…' असे सुटे सुटे वाचते, तेव्हा त्याचे सगळे लक्ष अक्षरे जुळवण्यात जाते. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. अक्षरे जुळवण्याचे कष्ट कमी झाले की लक्ष अर्थाकडे वळते.

मराठीत मुले साधारणपणे ठरावीक ठिकाणी अडखळतात : जोडाक्षरे (पुस्तक, रस्ता), रफार (सूर्य, पर्वत), ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आणि 'च', 'ज' यांचे दोन उच्चार ('चमचा' आणि 'चिमणी' यांतील 'च' सारखा नाही). मूल कुठे अडते हे कळले, तर सराव नेमका देता येतो.

इयत्तेनुसार अपेक्षा

• बालवाटिका : अक्षरे व त्यांचे आवाज ओळखणे, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणे
• पहिली : अनोळखी मजकुरातील चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्ये वाचणे
• दुसरी : मिनिटाला 45 ते 60 शब्द अर्थासह वाचणे
• तिसरी : मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचणे

हे आकडे देशभरासाठी ठरवलेली सर्वसाधारण उद्दिष्टे आहेत. प्रत्येक भाषेची घडण वेगळी असते. हिंदीत 'घर के सामने' हे तीन शब्द होतात, मराठीत 'घरासमोर' हा एकच शब्द होतो. म्हणूनच 2022 मध्ये एनसीईआरटीने केलेल्या पायाभूत अध्ययन अभ्यासात 20 भाषांसाठी वाचनाचे निकष स्वतंत्रपणे ठरवण्यात आले. या अभ्यासात सुमारे 10 हजार शाळांतील तिसरीच्या सुमारे 86 हजार मुलांना एकेकट्याने वाचायला देऊन तपासले गेले. तेव्हा मराठी माध्यमातील मुलाच्या गतीची तुलना हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातील भावंडाशी करू नका.

वर्गात तंत्रज्ञान कसे वापरले जाते?

1. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड. दीक्षा हे शासनाचे मोफत व्यासपीठ सप्टेंबर 2017 मध्ये सुरू झाले. अनेक राज्यांच्या पाठ्यपुस्तकांत धड्याजवळ दीक्षाचा क्यूआर कोड छापलेला असतो. तो स्कॅन केल्यावर त्या धड्याशी जोडलेले व्हिडिओ, ध्वनिफिती किंवा सरावप्रश्न मिळतात. शिक्षक धड्याचे आदर्श वाचन ऐकवतात आणि मुले पुस्तकातील ओळीवर बोट ठेवून ऐकतात.

2. मोठ्या पडद्यावर एकत्र वाचन. शाळेत स्मार्ट टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल, तर गोष्ट मोठ्या अक्षरांत दाखवली जाते. काही गोष्टींत आवाज ज्या शब्दावर आहे तो शब्द रंगाने उजळतो, त्यामुळे कानावर पडलेला आणि डोळ्यांना दिसलेला शब्द एकत्र जुळतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मोफत संग्रहात मराठीसह अनेक भारतीय भाषांतील गोष्टी आहेत.

3. आवाज ध्वनिमुद्रित करणे. हा सर्वांत साधा आणि उपयोगी प्रकार आहे. मूल एक उतारा वाचते, शिक्षक फोनवर तो मुद्रित करतात. तोच उतारा तीन-चार दिवस वाचून घेतल्यावर पुन्हा मुद्रण करतात. दोन्ही ऐकल्यावर फरक मुलाला स्वतःलाच जाणवतो. वर्गात सर्वांसमोर वाचायला बुजणारी मुलेही फोनसमोर मोकळेपणाने वाचतात.

4. आवाज ओळखणारी ॲप. मूल वाचत असताना ॲप ऐकते आणि चुकलेला शब्द दाखवते. गूगलने 2019 मध्ये भारतात 'बोलो' या नावाने आणलेले आणि पुढे 'रीड अलाँग' झालेले ॲप या प्रकारचे आहे. अशी खासगी ॲप वापरण्याची सक्ती अभियानात नाही.

ॲपच्या निकालावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. घरी वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारे मूल 'पाणी' हा शब्द 'पानी' असा उच्चारू शकते. त्याने शब्द बरोबर ओळखला आहे, उच्चार फक्त बोलीतला आहे. ॲप ती चूक धरू शकते, शिक्षकाने ती वाचनाची चूक धरू नये. 'पाणी'ऐवजी 'पान' वाचले, तर मात्र ती वाचनाची चूक आहे.

दीक्षा ॲप घरी कसे वापरावे?

• ॲप उघडून भाषा निवडा. पुढे शिक्षण मंडळ, माध्यम आणि इयत्ता निवडा.
• क्यूआर कोडच्या चिन्हावर टिचकी देऊन पुस्तकातील कोड स्कॅन करा. स्कॅन होत नसेल, तर कोडखाली छापलेली अक्षरे-अंक टाइप करून शोधता येते.
• आवश्यक साहित्य इंटरनेट असेल तेव्हा डाउनलोड करून ठेवा. नंतर ते इंटरनेटशिवाय पाहता येते.
• आधी आदर्श वाचन ऐकवा, मग आवाजाबरोबर वाचायला लावा, शेवटी आवाज बंद करून मुलाला एकट्याने वाचू द्या. ही शेवटची पायरी गाळली, तर मूल फक्त ऐकत राहते. ऐकणे ही तयारी आहे, वाचन मुलाने स्वतः केले तरच सराव होतो.

घरच्या घरी एक मिनिटाची पडताळणी

मुलाने पूर्वी न वाचलेला, त्याच्या इयत्तेचा उतारा घ्या. फोनवर एक मिनिटाची वेळ लावा. वाचलेल्या एकूण शब्दांतून चुकलेले आणि गाळलेले शब्द वजा करा. उदाहरणार्थ, मुलगी मिनिटात 58 व्या शब्दापर्यंत पोहोचली आणि 6 शब्द चुकले किंवा गाळले गेले, तर तिची गती 52 शब्द झाली. त्यानंतर उताऱ्यावर दोन सोपे प्रश्न विचारा. 52 शब्द वाचूनही उत्तर देता येत नसेल, तर गती वाढवण्याची घाई करू नका, अर्थावर बोला.

ही पडताळणी महिन्यातून एकदा पुरे. रोज घड्याळ लावले, तर मूल वाचनाला घाबरू लागते.

तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल तरी मदत करता येते. मुलाला रोज दहा मिनिटे तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला सांगा आणि 'पुढे काय झाले?' असे विचारा. मूल अडखळले की लगेच रागावू नका, त्याला थोडा वेळ द्या.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे स्मार्टफोन नाही. मूल मागे पडेल का?
नाही. अभियानातील उद्दिष्टे वर्गातील अध्यापनातून गाठायची आहेत, फोन हे फक्त सहायक साधन आहे. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके घरी मागून घ्या. घरी दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा (डीडी फ्री डिश) असेल, तर पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्याही पाहता येतात.

शाळा ॲपसाठी शुल्क मागू शकते का?
दीक्षा पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल, तर मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे विचारणा करा. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार ज्या शाळांना ही समिती बंधनकारक आहे, तेथे तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेतील टीव्ही बंद पडून असेल किंवा ग्रंथालयाचे कपाट कुलूपबंद असेल, तर तो विषयही याच समितीत मांडता येतो.

मुलाचा आवाज मुद्रित करणे सुरक्षित आहे का?
डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मुलाचे ध्वनिमुद्रण कुठे साठवले जाते, हे शाळेला विचारा. ते पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. दुसऱ्याचे मूल कसे अडखळते, हे सर्वांना ऐकवण्याची गोष्ट नाही.

पडद्यासमोर किती वेळ बसवावे?
वाचनाच्या सरावासाठी दिवसाला 15 ते 20 मिनिटे पुरेशी आहेत. त्यानंतर मुलाच्या हातात छापील पुस्तक द्या.

बराच सराव करूनही वाचन सुधारत नाही. काय करावे?
प्रथम डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत आरोग्य तपासणी होते. त्यात काही दोष आढळला नाही, तर विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे का, याची तज्ज्ञांकडून तपासणी करण्याबाबत शिक्षकांशी बोला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये या अक्षमतेचा समावेश आहे. अशा मुलाला आळशी किंवा 'ढ' म्हणू नका, त्याला वेगळ्या पद्धतीच्या मदतीची गरज असते.

पालकांनी आता काय करावे?

पुढच्या पालकसभेत वर्गशिक्षकांना तीन प्रश्न विचारा : माझे मूल सध्या कोणत्या टप्प्यावर वाचते? ते नेमके कुठे अडते? त्यासाठी घरी कोणता सराव करून घेऊ? या प्रश्नांची उत्तरे मिळवणे हा पालक म्हणून तुमचा हक्क आहे. शिक्षकांनी सांगितलेला सराव वहीत टिपून ठेवा आणि महिनाभराने पुन्हा भेटून काय सुधारले ते विचारा.