पुणे की बेंगळुरू?

आमच्या मंठाळ भागात आई कन्नड आणि वडील मराठी, हे काही नवल नाही. प्रो कबड्डीचा हंगाम आला की मात्र एकाच टीव्हीसमोर दोन तट पडतात आणि मुलांना विचारले जाते, "तू कुणाचा?" भांडणापूर्वी दोन्ही संघांचा ताळेबंद मांडलेला बरा.

पुणेरी पलटणचे बळ कुण्या एका नावात नाही. मार्च २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपद मिळाले, तेव्हा चढाईला अस्लम इनामदार, पंकज मोहिते होते आणि पकडीला अबिनेश नादराजन, गौरव खत्री. एक बाद झाला तरी दुसरा उभा. उणीव आहे ती अंतिम फेरीतली. २०२२ मध्ये जयपूरकडून चार गुणांनी आणि २०२५ मध्ये दिल्लीकडून तीन गुणांनी चषक निसटला.

बेंगळुरू बुल्सचे उलटे. जानेवारी २०१९ मध्ये अंतिम सामना जिंकला, तेव्हा ३८ पैकी २२ गुण एकट्या पवन सेहरावतचे होते. २०२४ मध्ये प्रदीप नरवालवर भिस्त ठेवली आणि २२ सामन्यांत दोनच विजय मिळाले. २०२५ मध्ये इराणच्या अलीरेझा मिर्झाईयानने संघ सावरला. पण एकाच्या खांद्यावर भार टाकण्याची खोड जुनीच.

गंमत म्हणजे पुण्याला विजेते करणारे प्रशिक्षक बी. सी. रमेश कर्नाटकचे, आणि २०२५ मध्ये बेंगळुरूची घडी बसवणारेही तेच. गुरूला दोन्ही घरे आपली वाटली. मग मुलांनी एकच का निवडावे?