कळा कमी करणारे इंजेक्शन

प्रसूतीच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून जी औषधे दिली जातात, त्यांत अफूवर्गीय औषधांचे घराणे मोठे आहे. मॉर्फिन थेट अफूच्या चिकातून निघते; पेथिडिन, फेंटानिल, पेंटाझोसिन आणि ट्रामाडॉल प्रयोगशाळेत तयार होतात. इंग्रजीत या सगळ्यांना ओपिऑइड म्हणतात. जगभरच्या प्रसूतिगृहांत ती आजही टिकून आहेत याचे मुख्य कारण सोय हे आहे. पाठीतल्या इंजेक्शनची, म्हणजे एपिड्युरलची, व्यवस्था चोवीस तास ठेवायची तर भूलतज्ज्ञही चोवीस तास हवा. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी किंवा खानापूरसारख्या तालुक्याच्या गावी तो मिळणे अवघड. अफूवर्गीय इंजेक्शन मात्र डॉक्टरांच्या सांगण्यावरून परिचारिका दंडात किंवा कमरेत देऊ शकते. तेव्हा या औषधांनी बाईला नेमका कसा अनुभव येतो, हा प्रश्न मोठ्या शहरांपेक्षा अशा गावांना अधिक लागू पडतो.

पहिल्या टप्प्यात गर्भाशय आकुंचन पावते, पिशवीचे तोंड ताणले जाते आणि कळ ओटीपोटात व कमरेत उठते. दुसऱ्या टप्प्यात बाळ खाली सरकते, तेव्हा योनिमार्ग ताणल्याची तीव्र वेदना होते. तिची जागा बोटाने दाखवता येते. एपिड्युरल ही वेदना वाहून नेणाऱ्या नसाच बधिर करते. अफूवर्गीय औषध रक्तातून मेंदू आणि मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथे वेदनेची दखल मंदावते. सोबत गुंगी आणते. प्रसूतीत दिल्या जाणाऱ्या मात्रेत ही गुंगी बहुधा वेदनाशमनापेक्षा जास्त असते, आणि बायकांच्या अनुभवातली बहुतेक गुंतागुंत इथूनच सुरू होते.

पेथिडिनचे उदाहरण घ्यावे. साधारण ५० ते १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन स्नायूत दिले की पंधरा-वीस मिनिटांत परिणाम जाणवू लागतो आणि दोन ते चार तास टिकतो. या काळात अनेक बायकांना दोन कळांच्या मध्ये डुलकी लागते. कळ शिगेला पोहोचली की त्या दचकून जाग्या होतात, कण्हतात आणि पुन्हा ग्लानीत जातात. रात्रभर कळा देऊन थकलेल्या बाईला ही डुलकी वरदान वाटू शकते. अंग सैल पडते, भीती ओसरते. पण तेच औषध दुसऱ्या एखादीला दारू चढल्यासारखे वाटते: डोके जड, जीभ अडखळते, खोलीत कोण काय बोलते ते कळत नाही, मळमळते, उलटी होते. विविध देशांतल्या बायकांच्या मुलाखतींवर आधारलेल्या संशोधनात ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी दिसतात. बाळ जन्मले तो क्षण नीट आठवत नाही, अशी खंत बोलून दाखवणाऱ्याही त्यांत आहेत.

मोजमापाच्या अभ्यासांचा कौल फारसा उत्साहवर्धक नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या एका छोट्या पण गाजलेल्या अभ्यासात मॉर्फिन आणि पेथिडिन घेतलेल्या बायका गुंगीत गेल्या, पण त्यांची वेदना म्हणावी तशी कमी झाली नाही. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्याने स्नायूत किंवा शिरेतून दिल्या जाणाऱ्या या औषधांवरचे सत्तर अभ्यास तपासले. काही प्रमाणात आराम मिळतो आणि समाधानही बऱ्यापैकी असते, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र इंजेक्शननंतर तासा-दोन तासांनीही जवळपास दोन तृतीयांशपर्यंत बायकांनी मध्यम किंवा तीव्र वेदना सांगितल्या होत्या. म्हणजे बाहेरून शांत दिसणारी बाई आतून शांत असेलच असे नाही. नातेवाईक आणि कर्मचारी यांचा ‘आता बरी निजली आहे’ हा अंदाज अनेकदा चुकतो तो यामुळे.

याच्या टोकाचे उदाहरण इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे क्रोनिग आणि गाउस या डॉक्टरांनी मॉर्फिन आणि स्कोपोलामिन एकत्र देऊन प्रसूती करण्याची पद्धत रूढ केली. बायका वेदना विसरत, म्हणून १९१४ च्या सुमारास अमेरिकेत सुखवस्तू स्त्रियांनी या पद्धतीसाठी मोहीमच चालवली. प्रत्यक्षात स्कोपोलामिन वेदना घालवत नव्हते, तिची आठवण पुसत होते. बायका ओरडत, हातपाय झाडत. त्यांना इजा होऊ नये म्हणून खाटेला गाद्यांचे कठडे लावले जात. पेथिडिन १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत तयार झाले, आणि ब्रिटनमध्ये १९५० पासून सुईणींना ते डॉक्टरच्या देखरेखीशिवाय देण्याची मुभा मिळाली. तिथल्या घरोघरच्या बाळंतपणांत ते पोहोचले ते या निर्णयामुळे.

भारतात औषधांची निवड कायद्यानेही ठरवली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन किंवा पेथिडिन ठेवायचे म्हणजे परवाना, कुलूपबंद कपाट आणि प्रत्येक कुपीचा हिशेब आला. लहान रुग्णालयांनी या कटकटीपासून दूर राहणेच पसंत केले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिलसह सहा औषधांसाठी नियम सुटसुटीत केले. पेथिडिन त्या सहांत नाही. नियमांच्या या कटकटीमुळे आपल्याकडच्या प्रसूतिगृहांत पेंटाझोसिन आणि ट्रामाडॉल यांचे चलन वाढले. पुढे २०१८ मध्ये नशेसाठी होणाऱ्या गैरवापरामुळे ट्रामाडॉलही याच कायद्याच्या कक्षेत आले. ट्रामाडॉलने श्वास मंदावण्याचा धोका तुलनेने कमी, पण मळमळ पुष्कळ आणि आराम बेताचा. पेंटाझोसिनने काही जणींना विचित्र भास होतात, उगाच घाबरल्यासारखे वाटते.

या औषधांचा पद्धतशीर वापर मराठी मुलखातच घडला. मुंबईतल्या नवरोसजी वाडिया प्रसूतिगृहाशी संबंधित डॉ. शिरीष दफ्तरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रोग्राम्ड लेबर’ नावाची देशी पद्धत मांडली. कळा नियमित सुरू झाल्या आणि पिशवीचे तोंड तीन-चार सेंटिमीटर उघडले की पेंटाझोसिन व डायझेपाम यांची अल्प मात्रा शिरेतून, ट्रामाडॉल स्नायूत, पिशवीचे तोंड सैल करण्यासाठी ड्रोटावेरिन, शेवटच्या टप्प्यात गरजेनुसार केटामिन, आणि या सगळ्यासोबत पार्टोग्राफ या आलेखावर प्रसूतीच्या प्रगतीची सतत नोंद. भूलतज्ज्ञाविना, थोड्या खर्चात वेदना कमी करायची आणि प्रसूतीचा वेळही घटवायचा, हा तिचा हेतू. अनेक गावांतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी ती आपापल्या परीने उचलली. मात्र पार्टोग्राफ आणि देखरेख गळून फक्त इंजेक्शने उरली, तर ती पद्धत राहत नाही. नुसता औषधांचा मारा होतो.

बेळगाव जिल्ह्याचे नाव प्रसूतिशास्त्रात जगभर माहीत आहे, पण ते वेगळ्या कारणाने. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १६२० बायकांवर मिसोप्रोस्टॉल गोळ्यांची चाचणी घेतली. घरी किंवा उपकेंद्रात एएनएमच्या (सहायक परिचारिका-सुईणीच्या) हातून झालेल्या बाळंतपणांत या गोळ्यांनी प्रसूतीनंतरच्या मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आणले. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या निष्कर्षाने गरीब देशांतले धोरण बदलायला मदत केली. पुढे अपुऱ्या दिवसांची प्रसूती टाळण्यासाठी ॲस्पिरिन आणि जंतुसंसर्ग रोखण्यासाठी ॲझिथ्रोमायसिन यांच्या बहुराष्ट्रीय चाचण्यांतही बेळगाव आणि नागपूर ही दोन्ही केंद्रे होती. आधी जीव, मग बाकीचे, हा क्रम समजण्यासारखा आहे. पण कर्नाटकात जवळपास ९७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि १०० पैकी ३१ हून जास्त सिझेरियनने. हे आकडे २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आहेत. बाई दवाखान्यात पोहोचली आहे. आता तिच्या वेदनेकडे न बघण्याची सबब उरलेली नाही.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात या वेदनेभोवती आणखी काही पदर आहेत. ‘कळा सोसल्याशिवाय आई होता येत नाही’ ही समजूत इथे पक्की आहे आणि ओरडणारी बाई घरच्यांना लाजवते असे मानणारी माणसेही आहेत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळत दिवस काढणाऱ्या बाईला वेदना कमी करून मागणे हा आपला हक्क आहे असे कुणी सांगितलेले नसते. त्यात ‘कळांचे इंजेक्शन’ या शब्दाने गोंधळ वाढतो. बोलण्यात हे बहुतेकदा ऑक्सिटोसिन असते, म्हणजे कळा वाढवणारे. अफूवर्गीय इंजेक्शनला कुणी झोपेचे म्हणते, कुणी ताकदीचे, आणि ड्रोटावेरिनसारखे पिशवीचे तोंड सैल करणारे औषधही त्याच ओळीत बसते. एकाच रात्री तिन्ही टोचली गेली तर कोणत्याने काय झाले, हे बाळंतिणीला पुढे सांगता येत नाही. परिचारिका कन्नड बोलणारी आणि बाई मराठी, असे असेल तर दोघीही हातवाऱ्यांवर भागवतात. गर्भारपणात मिळणारे थायी कार्ड कन्नडमध्ये छापलेले असते.

दुसरा पदर रस्त्याचा. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत इथे सीमा ओळखत नाही. सासर निपाणीचे आणि माहेर कागल किंवा गडहिंग्लजचे, असे सर्रास असते. मग तपासण्या कर्नाटकातल्या कार्डावर आणि प्रसूती महाराष्ट्रात. शिवाय अडलेल्या बाईला निपाणीहून पुढे पाठवायचे तर बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर आणि कोल्हापूर सुमारे ४०. निघण्याआधी कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून एखादे इंजेक्शन दिले गेले असेल, तर त्याचा पूर्ण अंमल नेमका पुढच्या दवाखान्यात पोहोचल्यावर चालू असतो. तिथल्या डॉक्टरांना औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ माहीत नसेल तर गुंगीतली बाई त्यांना बेशुद्धीकडे झुकलेली वाटू शकते, किंवा दुसरी मात्रा लवकर दिली जाऊ शकते. रेफर चिठ्ठीवर या तीन गोष्टी लिहिणे हे दोन ओळींचे काम आहे, आणि ते टाळायला कोणतेही कारण नाही.

वेळेचे महत्त्व बाळासाठी जास्त आहे. अफूवर्गीय औषध वार ओलांडून बाळापर्यंत जाते. स्नायूत पेथिडिन दिल्यावर दोन-तीन तासांनी जन्मलेल्या बाळाला श्वास मंद असण्याचा धोका सर्वाधिक. तासाभराच्या आत जन्मले तर तो बराच कमी. पेथिडिनपासून शरीरात तयार होणारे नॉरपेथिडिन नवजात बाळाच्या अंगातून निघून जायला काही दिवस लागू शकतात. श्वास मंद असलेल्या बाळाला आधी पिशवी-मास्कने श्वास द्यायचा असतो; नॅलॉक्सोन हे उताऱ्याचे औषध त्यानंतरचे. अशा बाळांसाठी मास्क हाताळण्याचे प्रशिक्षण देशात २००९ पासूनच्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमातून परिचारिकांना दिले जाते. एकेकाळी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया बाळांना अफूची ‘बाळागोळी’ चाटवत. अफूने बाळ सुस्त होते हे ठाऊक होते म्हणूनच ती गोळी चाले.

म्हणून काय अफूवर्गीय इंजेक्शन टाकून द्यायचे? तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत, वेदनाशमन मागणाऱ्या निरोगी बाईला एपिड्युरल किंवा फेंटानिल, पेथिडिनसारखे औषध देण्याची शिफारस आहे. मालिश, गरम शेक, श्वासाची लय हेही पर्याय तिथे मांडले आहेत. त्यात वजन आहे ते ‘मागणाऱ्या’ या अटीला. बाईने मागितलेले इंजेक्शन आणि तिला न सांगता टोचलेले इंजेक्शन, औषध एकच असले तरी अनुभव सारखे नसतात. विकसित देशांत रेमिफेंटानिल हे अल्पजीवी औषध बाई स्वतः बटण दाबून घेते. ब्रिटनमध्ये ४०१ बायकांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते घेणाऱ्यांपैकी १९ टक्के जणींना नंतर एपिड्युरल लागले. पेथिडिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ४१ टक्के होते. मात्र त्यासाठी प्रत्येक बाईजवळ सतत एक परिचारिका आणि रक्तातल्या ऑक्सिजनवर नजर लागते. तालुक्याच्या रुग्णालयात हे शक्य नाही.

शक्य आहे ते सोबतीचे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिगृहांत बाईसोबत एका नातेवाईक स्त्रीला राहू देण्याचा निर्णय घेतला. सतत सोबत मिळालेल्या बायकांना वेदनाशामक औषधे कमी लागतात, सिझेरियनचे प्रमाण घटते आणि अनुभव अधिक समाधानाचा असतो, असे १५ हजारांहून अधिक बायकांवरील अभ्यासांच्या आढाव्यात दिसले आहे. सीमाभागात या सोबतिणीचा एक खास उपयोग आहे: जिला कन्नड आणि मराठी दोन्ही येते अशी आत्या, काकू किंवा शेजारीण सोबत असेल तर इंजेक्शन कसले, हे विचारता येते आणि गुंगीतल्या बाईला सांगताही येते.

आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीला गेले असता डॉक्टरांना तीन प्रश्न विचारून घ्यावेत: इथे कळा कमी करायला काय मिळते, ते कधी देतात, आणि देण्याआधी मला विचारतील का. उत्तर थायी कार्डावर मराठीत लिहून घ्यायला हरकत नाही. अफूवर्गीय इंजेक्शन घेतल्यावर जन्मलेले बाळ पहिले काही तास आळसावलेले असू शकते, चटकन छातीला लागत नाही. हे औषधामुळे असते, आईच्या दुधात कमतरता असल्यामुळे नव्हे. अशा बाळाला दूर न ठेवता आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि पुन्हा पुन्हा पाजण्याचा प्रयत्न करावा. वरचे दूध द्यायची घाई करू नये.